टाकी भरलेली दिसली पाहिजे

माझं अर्धं आयुष्य तेलात हायड्रोजन घालण्यात गेलं आणि उरलेलं तेलातून हायड्रोजन काढण्यात. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, मग घातलाच कशाला. पुढे पुण्याच्या एका बैठकीत एका सूटबूटवाल्या गृहस्थांनी हाच प्रश्न इंग्रजीत विचारला, तेव्हा तो सगळ्यांनी लिहून घेतला.

घालण्याचं काम जळगावला केलं. धुळ्याला इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि जळगावच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात लागले. पातळ तेलातून हायड्रोजन सोडला की ते थिजतं, रवाळ होतं आणि तूप म्हणून डब्यात जातं. ते तूप नसतं, पण डब्यावर तसं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे डब्यावर लिहिलेलं खरं मानायची पद्धत आहे.

पहिल्याच दिवशी मुकादमाने माझ्या हातात केरसुणी दिली. मला वाटलं, बाई आली म्हणून हा झाडलोट करून घेतोय. मी त्याला सगळ्या खात्यादेखत असं काही सुनावलं की तो माणूस पुढे आठवडाभर माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. नंतर कळलं ते असं. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योतही डोळ्यांना दिसत नाही. कुठे गळती होऊन आग लागल्याचा संशय आला तर केरसुणी पुढे धरून चालायचं. ती पेटली की थांबायचं. म्हणजे ती केरसुणी हा माझा पहिला डिटेक्टर होता. इतक्या वर्षांत भारी भारी यंत्रं हाताळली, पण बिघडल्यावर परदेशातून माणूस यावा लागत नाही असं तेवढं एकच मिळालं.

या गॅसचे शौकीनही भेटले. एका पुढाऱ्यांनी वाढदिवसाच्या फुग्यांत भरायला गॅस मागवला. मी म्हटलं, फुग्यांच्या खालीच तुमच्या केकवर मेणबत्त्या असणार. ते म्हणाले, मग मेणबत्त्या फुंकल्यावर फुगे आणा. नाही म्हटल्याचा राग त्यांनी पुढच्या निवडणुकीपर्यंत धरला होता.

कारखाना पुढे बंद पडला. एरंडोलला घरी बसून पापड वाळवायचे असा माझा बेत होता. तेवढ्यात हिरव्या ऊर्जेची एक कंपनी माझा पत्ता काढत आली. खानदेशात हायड्रोजन हाताळलेला माणूस हवा होता आणि शोधाशोध करून त्यांना एक बाई मिळाली. त्यांनी ते मोठ्या मनाने चालवून घेतलं.

आता काढण्याचं काम काय असतं ते सांगते, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. हायड्रोजन सिलिंडरमध्ये कोंबून रस्त्याने नेणं जोखमीचं आणि जड. म्हणून त्याला एका तेलात मुरवतात. हे तेल खायचं नव्हे, कारखान्यांत उष्णता वाहून न्यायला पाइपांतून फिरवतात त्या जातीचं. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीने सोलर लावलं, त्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढला आणि तो या तेलात भरला. असं भरलेलं तेल साध्या टँकरमधून, डिझेल नेतात तसं, सावद्याला आणायचं. सावद्याला आमचं युनिट. तिथे तेल चांगलं कढत करून एका खास खड्यांच्या थरातून सोडलं की गॅस सुटतो. तेल रिकामं होतं, ते दुसऱ्या टाकीत साठवायचं आणि टँकर ते पुन्हा भरायला नरडाण्याला नेतो. सोड्याच्या बाटल्या परत करतात त्यातलाच हा प्रकार.

सुटलेला गॅस एका पेटीत जातो. तिथे तो जाळायचा नसतो, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ घालून द्यायची, की वीज निघते आणि थोडं पाणी गळतं. त्या विजेवर शेजारचं केळीचं शीतगृह चालवायचं. शीतगृह प्रल्हादभाऊंचं. भाऊ सावद्यातले जुने केळी व्यापारी, पांढरा सदरा, बोटात तीन अंगठ्या, आणि कुठल्याही यंत्राला आधी हार घालून मग त्याची किंमत विचारणारे.

आणि माझं काम म्हणजे गॅस किती सुटू द्यायचा ते ठरवणं. लोकांना वाटतं, नळ असेल, सोडायचा, बंद करायचा. सिलिंडरला नळ असतो, तेलाला नसतो. आत्ता आच वाढवली तर गॅस बऱ्याच वेळाने वाढतो. आत्ता आच कमी केली तरी तो येतच राहतो आणि घेणारं कुणी नसेल तर वरच्या नळकांड्यातून आकाशात सोडून द्यावा लागतो. आच फार झाली तर तेलच करपतं. म्हणजे पंगत बसायच्या आधी पोळ्या लाटून ठेवायच्या, आणि पंगतीला किती माणसं येणार ते कुणी सांगायचं नाही. मध्ये एक दाबाची टाकी असते, तिच्यात थोडा गॅस शिल्लक असतो. तो दाब फार खाली गेला की पेटी स्वतःला जपण्यासाठी बंद पडते आणि सगळीकडे अंधार होतो. त्या दाबाच्या काट्याकडे बघत मी जेवले, चहा प्यायले आणि मुलीच्या लग्नाची बोलणीही फोनवर तिथूनच केली.

कंपनीने माझ्या मदतीला एक सॉफ्टवेअर दिलं होतं. ते मागणीचा अंदाज करायचं. युरोपातल्या कुठल्याशा गोदामावर शिकून आलं होतं, त्यामुळे दर रविवारी त्याला वाटायचं की सुट्टी आहे, आणि ते आच उतरवायला सुचवायचं. केळीला रविवार कळत नाही. तिला चतुर्थी कळते, श्रावण कळतो, रमजान कळतो. उत्तरेत उपास सुरू व्हायच्या आधी इकडे कापणीची झुंबड उडते, गाड्यांमागून गाड्या लागतात, शीतगृहाची दारं सारखी उघडतात आणि कंप्रेसर धापा टाकतात. मी भिंतीवरचं पंचांग बघून तेल वाढवायचे. साहेब मात्र पुण्यात सांगायचे की सॉफ्टवेअर शिकतंय. माझं पंचांग भिंतीवर दिसू नये म्हणून त्यांनी एकदा त्यावर सुरक्षेचं पोस्टर लावलं होतं. मग मी रोज पोस्टर वर करून तिथी बघायचे.

हे साहेब म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. स्वभावाने वाईट नव्हते. आवाज मऊ, शर्ट कडक, आणि फोटो चांगला आला तर काम झालं अशी प्रामाणिक श्रद्धा.

तर त्या मे महिन्यात उद्घाटन ठरलं. युनिट तसं दिवाळीपासूनच चालू होतं, पण उद्घाटन झाल्याशिवाय चालू झालेलं यंत्र आपल्याकडे चालू धरत नाहीत. फार मोठे पाहुणे येणार होते. शीतगृहाच्या आवारात मंडप, मंडपात मोठाले कूलर, भिंतीएवढा पडदा, त्या पडद्यावर आकडा दिसणार की शीतगृह किती वीज घेतंय. वर लिहिलेलं, ‘संपूर्ण हायड्रोजनवर’.

अडचण एकच होती. नरडाण्याहून भरलेलं तेल येत नव्हतं. हायड्रोजन पाण्यातून काढतात ही गोष्ट योजना आखताना सगळ्यांना ठाऊक होती. मे महिन्यात खानदेशात पाणी नसतं, ही गोष्ट मात्र कुणी त्या योजनेशी जोडून पाहिली नव्हती. तिकडे कारखान्याला प्यायचं पाणीच टँकरने येत होतं. आमचा ड्रायव्हर गुलाब, शिंदखेड्याकडचा, मोकळाच टँकर घेऊन आला, इथलं रिकामं तेल तरी घेऊन जाऊ म्हणून. आमची भरलेल्या तेलाची टाकी तेव्हा निम्म्यावर होती. मी हिशेब केला होता, निम्मी टाकी उद्घाटनाच्या दिवसाला आरामात पुरली असती. तसं सांगून मी आदल्या संध्याकाळी घरी गेले.

उद्घाटनाच्या सकाळी येऊन बघते तर टाकी काठोकाठ. बाहेरच्या काचेच्या नळीत तेल वरपर्यंत चढलेलं, टाकीला झेंडूचा हार, कुंकवाची पाच बोटं. मला वाटलं, देव पावला, नरडाण्याहून तेल आलं. गुलाब टँकरखाली चटई टाकून झोपला होता, त्याला उठवायचंही मला सुचलं नाही.

आणि दुसरी गोष्ट अशी की चेंजओव्हरचा दांडा आधीच खाली केलेला होता. चेंजओव्हर घरोघरी जनरेटरपाशी असतो तोच, फक्त मोठा. दांडा वर केला की लाईनची वीज, खाली केला की आमची. पाहुण्यांनी तो वरून खाली करायचा असं ठरलं होतं. पण ऐनवेळी अडकला तर काय, म्हणून साहेबांनी तो सकाळीच खाली करून ठेवला, त्याला गुलाबी रिबन बांधली, आणि ‘वर लाईन, खाली हायड्रोजन’ ही पाटी दिसायला बरी नाही म्हणून तिच्यावर हार चढवला. पाहुण्यांनी आता फक्त रिबन कापायची होती. सॉफ्टवेअरमध्येही साहेबांनी स्वतःच्या हाताने टाकून ठेवलं की आज लाईन बंद. डिझेलचा जनरेटर हिरव्या प्रकल्पाच्या फोटोत शोभत नाही म्हणून तो भाऊंच्या पुतण्याच्या हळदीला पाठवून दिला होता.

शीतगृहात तीन खोल्या. दोन भाऊंच्या मालाच्या. तिसरी भाड्याने, आणि तिच्यात त्या दिवशी कमलची केळी होती.

कमल जवळच्याच गावची. आजवर तिचा माल बांधावरूनच व्यापारी उचलायचे आणि कोणाच्या तरी नावाच्या खोक्यातून तो परदेशी जायचा. त्या वर्षी तिने जावेला बरोबर घेऊन सगळं स्वतः केलं. घडांना पिशव्या घातल्या, फण्या धुतल्या, खोकी भरली, आणि निर्यातदाराशी थेट बोलणी केली. पहिलाच कंटेनर. त्यांची अट सरळ होती. संध्याकाळी कंटेनर लागेल, आमचा माणूस केळात थर्मामीटर खुपसेल, आतला गर चौदा अंशांच्या आत असेल तर माल चढेल. नसेल तर कंटेनर दुसऱ्याच्या मालाने भरून जाईल, आणि पुन्हा फोन करू नका. शेतातून आलेलं केळ मे महिन्यात अंगानेच तापलेलं असतं. त्याला गार करायला रात्र आणि पुढचा अख्खा दिवस कंप्रेसर अखंड लागतो.

पाहुणे सकाळी येणार होते. सकाळ गेली. ते निघाले, ते पोहोचत आहेत, ते भुसावळला चहाला थांबले, अशा बातम्या येत होत्या. इकडे मंडपातले कूलर चालू, पडदा चालू, माईकवर कुणीतरी सारखं हॅलो हॅलो करत होतं, आणि हे सगळं माझ्या गॅसवर. आणि दाबाचा काटा उतरत होता.

मी तेल वाढवलं, काटा उतरतच राहिला. आच वाढवली तरी तेच. गळती म्हणावी तर कुठलाच अलार्म नाही. पंप पूर्ण वेगाने तेल ढकलत होता आणि त्यातून गॅस येत नव्हता, म्हणजे खोट तेलातच होती. दुधात पाणी बघायला लॅक्टोमीटर असतो, तशी आमच्याकडे एक काचेची नळी असते. हायड्रोजन भरलेलं तेल हलकं असतं, रिकामं झालं की जड होतं. दिसायला दोन्ही अगदी सारखी. मी नमुना काढला आणि नळी त्यात सोडली, तर ती जवळजवळ पूर्ण रिकाम्या तेलात तरंगते तशी वर राहिली.

मग मात्र गुलाबला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, “अक्का, काल सांजले भाऊ म्हनेत, अर्धी टाकीनी पूजा करतस का कोनी. साहेबनी माले सांगं, रिकामं तेल त्यामा सोड. मी म्हनं, साहेब, ते रिकामं शे. तं म्हने, दिसाले सारखंच शे ना.”

भाऊंचं एका अर्थी बरोबर होतं. पूजेला भरलेलं भांडं लागतं, रिता कलश कुणी मांडत नाही. आणि साहेबांचंही बरोबर होतं, पाहुण्यांच्या फोटोत टाकी भरलेली दिसली पाहिजे. दोन बरोबर माणसांनी मिळून माझ्या टाकीत सगळं रिकामं तेल ओतलं. ते जड, म्हणून तळाला जाऊन बसलं. भरलेलं तेल त्यावर तरंगत राहिलं. आणि युनिटला तेल जातं ते तळातून. म्हणजे काठोकाठ टाकी, वर निम्मा भाग अस्सल माल, आणि पंप मात्र खालचा चोथा ओढतोय. हे करायला दोन माणसांचं एकमत व्हावं लागतं, एकट्याला सुचत नाही.

मी मंडपात गेले. साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं की गॅस पुरत नाही, चेंजओव्हर लाईनवर घ्या, लाईन छान चालू आहे, पाहुणे आले की बघू. साहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले जसं मी मांडवात नवरा बदला म्हणाले. रिबन बांधून झाली आहे, म्हणाले. गुरुजींनी मंत्र म्हटले आहेत, फोटोग्राफरने आधीचे फोटो काढले आहेत, आता कापायच्या आधी ती सोडायची कशी. मी म्हटलं, पेटी बंद पडली तर पाहुण्यांसमोर अंधार होईल. ते मात्र त्यांना लगेच पटलं. काहीतरी बंद करा, म्हणाले, आणि भाऊंकडे बघितलं.

भाऊ विचारात पडले. कूलर बंद करता येत नव्हते, पुढच्या रांगेत तालुक्यातली बडी मंडळी बसली होती. पडदा बंद करता येत नव्हता, त्यावरच आकडा होता. त्यांच्या स्वतःच्या खोल्यांत त्यांची स्वतःची केळी होती. मग त्यांनी अगदी जड अंतःकरणाने, खरंच जड, तिसऱ्या खोलीचा कंप्रेसर बंद केला. कमलला समजावून सांगू, म्हणाले, ती आपलीच आहे.

मला संताप आला होता. काम करताना मी चिडत नाही, चिडलं की काटा चुकीचा वाचला जातो. पण त्या दिवशी चिडले. माझ्या गॅसची अब्रू जायची वेळ आली होती आणि किंमत ती बाई देणार होती, जिने टाकीला हात लावला नव्हता की रिबनीला.

दुपार कलली तेव्हा कमल माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. हातात केळात खुपसायचा थर्मामीटर होता, कुणाकडून तरी मागून आणलेला. पदराने घामही पुसत नव्हती.

“अक्का, केळ सोळावर अडकलं. खोलीतला पंखा बंद हाये. लाईन गेली का?”

“लाईन आहे.”

“मंग?”

“दांड्याला रिबन बांधली आहे. पाहुण्यांनी कापायची आहे.”

मला वाटलं, ती रडेल. तिने विचारलं, तो दांडा कुठे आहे. मी दाखवला. चेंजओव्हरची खोली माझ्या केबिनला लागूनच. नेमकं तेव्हाच फाटकाकडे कोणीतरी ओरडलं की आले, आले, आणि मंडपातली सगळी जत्रा तिकडे पळाली. साहेब पुढे, भाऊ हार घेऊन मागे. आले कुणी नव्हतंच, दुधाची गाडी होती, पण ती गेल्यावरही सगळे तिथेच उन्हात ताटकळत राहिले.

“हा वर केला तं काय होते?” कमलने विचारलं.

“तुझी खोली चालू करता येते.”

“आन खाली ऱ्हायला तं?”

“तर तुझं केळ गरम राहतं आणि थोड्या वेळाने मंडपही बंद पडतो.”

ती रिबनीकडे हात न्यायला लागली तसं मी तिला थांबवलं. घाबरून नव्हे. एकदम भार काढला तर सुटलेला गॅस जायला जागा नसते. मी तिला दम धरायला सांगितलं, आच उतरवली, तेल कमी केलं, वरचं नळकांडं मोकळं केलं. दाबाचा काटा स्थिर झाला तेव्हा म्हटलं, हं.

कमलने रिबन कापली नाही. केळीचे घड बांधणाऱ्या बाईची बोटं ती. तिने गाठ हळूच सैल केली, रिबन दांड्यावरून सरकवून काढली, दांडा खटकन वर केला, आणि पुन्हा रिबन बांधली. पहिल्यापेक्षा चांगली बांधली. मंडपवाल्यांचं फूल एका बाजूला लोंबत होतं, तिने ते दोन्ही पाकळ्यांनी सारखं बसवलं. तिकडे कूलर क्षणभर थांबले आणि परत सुरू झाले. फाटकावरच्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग आम्ही दोघी जाऊन तिसऱ्या खोलीचा कंप्रेसर चालू करून आलो.

पाहुणे उन्हं उतरताना आले. त्यांनी टाकीसमोर हात जोडले. नळीतलं तेल वरपर्यंत बघून समाधानाने मान हलवली. मग चेंजओव्हरच्या खोलीत आले. दांडा वर होता. त्यांनी रिबन कापली, पाटीवर हार होता, टाळ्या वाजल्या. साहेबांनी दांडा बघितला असेल तर मला माहीत नाही. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. पडद्यावर आकडा झळकत होता, शीतगृह भरपूर वीज घेत होतं आणि वर लिहिलेलं होतंच की संपूर्ण हायड्रोजनवर. पाहुणे भाषणात म्हणाले की ज्या गॅसचा आवाज नाही, वास नाही, धूर नाही, असा गॅस त्यांनी आज स्वतः अनुभवला. त्यातलं अक्षरन्अक्षर खरं होतं.

मी मात्र भाषण अर्धवट सोडून तिसऱ्या खोलीकडे गेले होते. निर्यातदाराचा माणूस खोकी उघडून केळात थर्मामीटर खुपसत होता. कमल आणि तिची जाऊ भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिलं केळ, साडेचौदा. त्याने मान हलवली आणि तो जायला निघाला. कमलने त्याच्या वाटेत खोकं सरकवून ठेवलं आणि सांगितलं, बाहेरच्या रांगेतलं काय बघतोस, दाराजवळचं आहे ते, आतलं बघ. आतलं साडेतेरा निघालं. त्याने घड्याळ बघितलं, मंडपातल्या टाळ्या ऐकल्या, आणि म्हणाला की तासभर थांबतो, दार उघडू नका. तासाभराने बाहेरची रांगही चौदाच्या खाली आली. कंटेनर तिच्या नावाच्या खोक्यांनी भरून गेला. ती आणि तिची जाऊ रस्त्यापर्यंत त्याच्या मागे चालत गेल्या. मला सांगायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले होते. आयुष्यभर गॅस पुरवला, त्या दिवशी न पुरवता काहीतरी झालं.

आता खरी गंमत. सॉफ्टवेअरने दुसऱ्या दिवशी हिशेब केला. लाईन बंद, हे साहेबांनी त्याला सांगितलेलं. शीतगृहाने आणि मंडपाने दिवसभर भरपूर वीज घेतली. गॅस दुपारनंतर जवळजवळ शून्य. म्हणजे इतक्याशा गॅसवर इतकी वीज. यंत्राला शंका येत नाही, त्याला आनंद होतो. त्याने तो दिवस कार्यक्षमतेचा विक्रम म्हणून नोंदवला आणि कंपनीच्या सगळ्या युनिटांना तेच लक्ष्य लावून दिलं. मी साहेबांना सगळं सांगायला गेले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, अक्का, हे आता वर गेलं आहे.

कमलला मात्र कंपनीने पुण्याला बोलावलं, लाभार्थी म्हणून दोन शब्द बोलायला. तिने मला फोन करून विचारलं की खरं सांगू का. मी म्हटलं, सांग, काही होत नाही. तिने व्यासपीठावर सगळं सांगितलं, रिबन, दांडा, दुधाची गाडी. लोक पोट धरून हसले. ग्रामीण विनोद फार छान जमतो म्हणाले आणि तिला शाल दिली. साहेब पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

मला त्या विक्रमाचं दुःख आहे ते वेगळ्या कारणाने. त्याच वर्षी पावसाळ्यात वादळाने विजेचे खांब आडवे झाले आणि सावद्याला दिवसभर खरोखरच लाईन नव्हती. तोपर्यंत नरडाण्याला पाणी आलं होतं, आमच्या टाकीत अस्सल भरलेलं तेल होतं. मी पहाटेचं आभाळ बघूनच आच चढवून ठेवली होती. तिन्ही खोल्या दिवसभर गॅसवर चालल्या. काटा जागचा हलला नाही. कमलचा दुसरा माल तिसऱ्या खोलीत होता, तेरा अंशांवर, आणि ती माझ्या केबिनच्या दारात डबा खात बसली होती. हेच तर करायला हे सगळं उभारलं होतं, आणि ते झालं, अगदी जसं व्हायला हवं तसं. बघायला आम्ही दोघीच. मी आनंदाने साहेबांना फोन केला, ते बैठकीत होते.

महिना संपल्यावर त्या दिवसाचा आकडा लक्ष्याच्या फारच खाली निघाला. मला खुलासा मागितला गेला की त्या दिवशी कार्यक्षमता एवढी का घसरली. मी बराच विचार करून एका ओळीत उत्तर पाठवलं, की त्या दिवशी गॅस चालू होता.